आधी खिळे काढा

"आ करा."

"केलाय की."

"अहो, नीट उघडा ना!" बायको खुर्चीमागून म्हणाली. "डॉक्टरबाई काय फटीतून आत जाणार आहेत?"

दातांच्या डॉक्टरबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. दिव्याच्या झोतात त्याच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. डोळ्यांत पाणी आलं होतं. आणि दातांच्या दोन ओळींमध्ये नाण्याची कड जेमतेम शिरेल एवढीच फट होती.

"त्यांनी पूर्ण उघडलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एवढंच उघडतं."

तो सोफे, खुर्च्या मढवणारा कारागीर. या कामात एका हाताने कापड ताणून धरायचं आणि दुसऱ्या हातात हातोडी. मग खिळे ठेवायचे कुठे? तोंडात. बारीक खिळे गालात धरायचे, जिभेने एकेक ओठांवर आणायचा, हातोडीच्या चुंबकी टोकाने उचलायचा आणि ठोकायचा. दिवसभर तोंड मिटलेलं. बोललाच तर दात न उघडता. गल्लीत त्याला 'खिळेतोंडे' म्हणत, जणू आडनावच.

"जबड्याला कधी मार लागला होता?"

"कोचाचा सांगाडा आदळला होता हनुवटीवर. झाली काही वर्षं. सूज उतरली, मग कशाला दाखवायचं?"

डॉक्टरबाईंनी सावकाश समजावलं. कानापाशी जबड्याची बिजागरी असते. तिथलं हाड मोडलं आणि जुळताना बिजागरीच जखडून गेली. दार एका दिवसात अडत नाही. आधी कुरकुरतं, आपण जोर लावत राहतो आणि मग ते हलेनासं होतं. "तेव्हाच आला असतात तर..." एवढं बोलून त्या थांबल्या. मग सहज विचारलं, "पण घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

बायकोला तो प्रश्न काट्यासारखा रुतला. लक्षात येणार कसं? तो कायम असाच बोलायचा. आधी त्याने कडक पदार्थ सोडले. मग सगळं कालवून, भिंतीकडे तोंड करून खायला लागला. पुढे पुढे तर, "दुकानातच खाल्लं," म्हणून पानावरून उठायचा. तिने ते मनाला लावून घेतलं. "माझ्या हातची चव गेली, असं सरळ म्हणा की!" असं म्हणून ती दिवसचे दिवस अबोला धरायची. त्याचे सदरे अंगावर लोंबायला लागले, तेव्हाही ती टोमणाच मारून मोकळी झाली होती.

"मला सांगायचं नाही का हो?" बाहेर आल्यावर तिने विचारलं.

"सांगितलं होतं एकदा. दाढ ठणकत होती तेव्हा."

तिला आठवलं. तो गालाला हात लावून स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला होता, काहीतरी पुटपुटत. ती भांडी घासत होती. मागे वळूनही न बघता म्हणाली होती, "आधी खिळे काढा तोंडातले, मग बोला."

तो तसाच निघून गेला. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. तोंडात खिळे नव्हतेच.

शस्त्रक्रिया मोठ्या इस्पितळात झाली. तोंड उघडत नसल्याने भूल देण्याआधी, जागेपणीच नाकातून श्वासाची नळी घालावी लागली. जखडलेलं हाड कापून जबडा मोकळा केला. पण इतकी वर्षं आत ब्रश पोहोचलाच नव्हता; दाढा मुळापर्यंत किडल्या होत्या. त्या सगळ्या काढाव्या लागल्या.

मग घरी रोजचा व्यायाम. दातांमध्ये पातळ लाकडी पट्ट्यांची चळत सरकवायची आणि हळूहळू एकेक वाढवायची. नाहीतर जबडा पुन्हा धरतो. तो सवयीने पाठ फिरवून बसायचा.

"इकडे तोंड करा. भिंतीला काय दाखवताय?" ती चळत हातात घेऊन समोर बसायची. "अजून एक."

"जीव घेतेस का?"

"घेते. उघडा."

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि पट्टी सरकवताना दात तिचे आवळले जायचे.

तोंडात दोन बोटं मावायला लागली, त्या संध्याकाळी तिने मक्याचं कणीस भाजलं. हौसेने त्याच्या हातात दिलं. त्याने तोंड उघडलं, पुढच्या दातांनी एक ओळ तोडलीसुद्धा. ती बघतच राहिली. मग दाणे या गालातून त्या गालात फिरायला लागले. चावायला मागे काही नव्हतं. शेवटी त्याने ते तसेच गिळले आणि त्याला ठसका लागला.

तिने पाणी दिलं. तिच्या तेव्हा लक्षात आलं.

"दाढा होत्या तेव्हा तोंड उघडत नव्हतं," तो डोळे पुसत म्हणाला, "आणि आता उघडतंय, तर..." आणि तो हसला. चांगला खदखदून, तोंड उघडून. कितीतरी वर्षांनी तिला त्याचं तोंड आतून दिसलं. दोन्ही बाजूंना नुसत्या हिरड्या.

तिला हसू आलं नाही. "द्या इकडे," म्हणत तिने कणीस घेतलं, सुरीने दाणे उतरवले आणि खलबत्त्यात घातले.

"अगं, बस झालं. बारीक झालेत," तो म्हणाला.

ती मान खाली घालून कुटतच राहिली.