दाराकडे तोंड करून

बसड्रायव्हरला गाण्यातलं काही कळत नव्हतं. त्याला माणसं मोजता येत होती, आणि तेवढं पुरेसं होतं.

त्याची आई नुकतीच गेली होती. तिच्यासाठी कद्दीशची प्रार्थना म्हणायची, तर ज्यूंच्या जुन्या रीतीप्रमाणे दहा पुरुष हजर हवेत. पुरुष. आईने आयुष्यभर याच प्रार्थनाघराची फरशी पुसली, सगळी गाणी तिला तोंडपाठ. पण मोजायची वेळ आली की ती शून्य. आता तिच्याच नावाने दहा मिशा गोळा करायच्या! ड्रायव्हरचं टाळकं सणकायचं. तरी दर शुक्रवारी संध्याकाळी तो यायचा.

आज दहा जमलेही होते. मग शब्बाथच्या, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाच्या, स्वागताचं गीत सुरू झालं आणि माशी शिंकली. शब्द सगळ्यांचे तेच, चाली मात्र ज्याच्या त्याच्या. म्हाताऱ्या घड्याळजीचे पूर्वज बर्फाच्या मुलखातले: मध्येच शब्द सोडून नुसतं 'लाय-लाय', आणि ठेका वाढत वाढत बाकं बडवण्यापर्यंत. सलूनवाल्याचे पूर्वज वाळवंटाकडचे: एकेका अक्षरावर आवाज असा घोळवायचा, की ओळ संपेपर्यंत चहा गार. घड्याळजीने बाक बडवलं. सलूनवाल्याने विचारलं, ही प्रार्थना आहे की दारूचा गुत्ता? घड्याळजी म्हणाला, तुझी चाल ऐकून शब्बाथ वाटेतच झोपून जाईल. सलूनवाल्याने कोट चढवला आणि तो चालता झाला.

उरले नऊ.

"आजोबा, सलूनवाल्या काकांच्या चालीत म्हणा की, ते परत येतील," ड्रायव्हर घड्याळजीला म्हणाला.

"मला येत नाही. आली असती तरी म्हटली नसती."

ड्रायव्हरचं डोकं फिरलं. यांना आपापले सूर प्यारे, मेलेल्या बाईचं कुणाला काय? मग मीच म्हणतो, म्हणून त्याने तोंड उघडलं. आवाज उतारावर ब्रेक लावल्यासारखा. चाल आईची, भांडी घासतानाची. तिचे वडील बर्फाकडचे, आई वाळवंटाकडची; त्यामुळे अर्धी ओळ उड्या मारायची, अर्धी लोळायची. आणि तीही त्याला धड आठवेना. घड्याळजीने कानांत बोटं घातली. बाकीचे खोकल्याच्या नावाखाली हसत होते.

शेवटच्या कडव्याला सगळ्यांनी दाराकडे वळायचं असतं. शब्बाथ नवरीसारखी दारातून आत येते म्हणून. सगळे वळले. दारात नवरी नव्हती, कोट घातलेला सलूनवाला होता. जिन्यात थांबून त्याने सगळं ऐकलं होतं.

"अरे, तिथे सूर वर जातो, वर," तो कळवळून म्हणाला. "तुझी आई कशी म्हणायची ते ऐकलंय मी. गाढवा, वाट लावलीस तिच्या गाण्याची."

"मग म्हणून दाखवा ना काका. आत येऊन."

सलूनवाला आत आला आणि म्हणू लागला. उड्यांच्या जागी तो अडखळला, तेव्हा तोंड वाकडं करत का होईना, घड्याळजीने ठेका दिला.

प्रार्थना पुढे सरकली. पाळी येताच ड्रायव्हरने डोकी मोजली, दहा भरली, आणि कुणी पुन्हा भांडायच्या आत कद्दीश सुरू केलं. 'आमेन' दोन चालींत आलं, एक तोकडं, एक लांबलचक. आईला दोन्ही आवडली असती.

जिना उतरताना दोघा म्हाताऱ्यांची पुन्हा जुंपली. एकाच बाबतीत त्यांचं एकमत झालं: काहीही होवो, या पोराला पुन्हा गाऊ द्यायचं नाही.

"तुमच्या हातात आहे," ड्रायव्हर मागून म्हणाला. "कुणी उठून गेलं, की मी गाणार."