राबावरची चाकं

मखमलाबादच्या शुभांगी पिंगळेनं दोन वर्षं इतरांची धूळ खाल्ली होती, आणि तीही बिनतक्रार. नाशिकच्या त्या फोर-बाय-फोर क्लबात नव्या माणसाची गाडी ताफ्याच्या अगदी शेवटी लागायची. त्या जागेला सगळे सरळ ‘शेपूट’ म्हणत. मागं कुणी राहिलं नाही ना ते शेपटानं बघायचं, रुतलेल्याला ढकलायचं आणि मुक्काम येईपर्यंत भुवया पांढऱ्या करून घ्यायच्या. इतरांची त्यातून सहा महिन्यांत सुटका झाली. शुभांगीची होईना, कारण ती ते काम फार चोख करायची. चोख काम करणाऱ्या बाईला जागेवरून हलवणं लोकांच्या जिवावर येतं, आणि हे काही फक्त गाड्यांच्या क्लबातच घडतं असं नाही.

शेवटी तिनंच तोंड उघडलं. ‘‘या वेळी पुढं मी,’’ असं तिनं क्लबचा प्रमुख हर्षल याला सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. हर्षल माणूस सरळ, पण नियमाचा भारी पक्का. मे महिन्यातल्या एका शनिवारी सात गाड्या पेठच्या डोंगरांकडे निघाल्या तेव्हा सगळ्यांत पुढं शुभांगीची जुनी जिप्सी होती आणि तिच्या काठीवर क्लबचा नारिंगी झेंडा. अट साधी होती. दोन दिवस ताफा ठरल्या वाटेनं न्यायचा, रविवारी घोडचढ नावाची उभी चढण चढवायची आणि सगळ्यांना सुखरूप परत आणायचं. जमलं तर झेंडा आणि पुढची जागा कायमची तिची. ठरलेली वाट सोडली, तर पुन्हा वर्षभर शेपूट.

तिला धाकधूक अशी नव्हतीच. बापाच्या शेवंतीच्या वावरात ती अकराव्या वर्षी ट्रॅक्टर फिरवायची. ही जिप्सी तिनं मालेगावच्या एका यंत्रमागवाल्याकडून, भंगारात जाता जाता, उचलून आणली होती आणि तिचा एकेक नट स्वतःच्या हातानं आवळला होता. ओढा आला की ती आधी उतरून पायानं तळ चाचपायची, मगच गाडी घालायची. मागच्या सहा गाड्या मुकाट्यानं तिच्या चाकोरीत चाक ठेवून येत. क्लबची शिस्तच तशी होती. पुढच्यानं घेतली ती वाट बरोबर, प्रश्न विचारायचे नाहीत.

चारच्या सुमाराला मुक्कामाची जागा आली. हर्षलनं डिसेंबरात येऊन नकाशावर तिची खूण करून ठेवली होती. पाड्याच्या थोडं अलीकडे, डोंगराच्या कुशीतली सपाट पट्टी. आता ती काळीभोर दिसत होती, वर राखेचा थर.

‘‘कुणीतरी आपल्याआधीच शेकोट्या पेटवून गेलंय,’’ योगेश वॉकी-टॉकीवर म्हणाला. योगेशची गाडी दुसरी, आणि जीभ कायम पहिली.

शुभांगीलाही तसंच वाटलं. जमीन सपाट होती, मऊ होती, दगड नव्हता. तिनं चाक आत वळवलं. मागून सहाही गाड्या आल्या आणि शिस्तीत गोल करून उभ्या राहिल्या. राख उडाली. ती राख खाली बसली तेव्हा बांधावर उभी असलेली बाई सगळ्यांना दिसली. पन्नाशीची असेल. डोक्यावर वाळक्या टहाळाचा, पानांसकट तोडलेल्या डहाळ्यांचा भारा, आणि तो उतरवायचंही भान तिला नव्हतं.

शुभांगी उतरून तिच्याकडे गेली. ‘‘मावशी, जागा तुमची आहे का?’’

‘‘माझीच हाय,’’ बाई म्हणाली. तिचं नाव भागीबाई. ‘‘राब हाय ह्यो, बाय. शेण टाकलं, टहाळ रचला, वरून पाला, माती, मग भाजला. पाणी पडलं का यात नागली पेरायची, रोप करायचं. आता जिथं चाक फिरलं तिथं भुई दगड झाली. काय उगवंल?’’

ती ओरडली नाही, रडलीही नाही. ओरडली असती तर शुभांगीला जरा सोपं गेलं असतं. घरी रोपांच्या वाफ्यावर कुणी चप्पल घालून पाय दिला तर तिची आई दिवसभर घर डोक्यावर घ्यायची. आणि त्याच घरची लेक सात गाड्या घेऊन दुसऱ्या बाईच्या वाफ्यावर गोल करून उभी होती. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हर्षल तोवर पाकीट काढत पुढं आला होता. ‘‘आजी, नुकसान भरून देतो आम्ही.’’

‘‘पैशे पेरू का तिथं?’’ भागीबाईनं विचारलं. हर्षलनं पाकीट खिशात घातलं.

‘‘पुन्हा भाजता येईल का?’’ शुभांगीनं विचारलं.

‘‘येल की. पण टहाळ कुठंय? वर आमच्या मालकीत तोडून वाळत घातलाय, त्यो म्होरल्या तुकड्याच्या राबाचा. डोक्यावरनं उतरवायचा म्हंजी पंधरा दिस. तवर पाऊस येल.’’

शुभांगीनं वर पाहिलं. मालकीची जमीन उजव्या टेकडीवर होती, घोडचढ डाव्या अंगाला. दोन्ही उद्याच्या एका दिवसात बसत नव्हतं. तिला झेंडा हवा होता, मनापासून हवा होता. दोन वर्षांची धूळ तिच्या घशात होती. पण काय करायचं ते तिला भागीबाईचं बोलणं संपायच्या आतच कळलं होतं.

‘‘घोडचढ रद्द,’’ ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. ‘‘गाड्या आल्या त्याच चाकोरीतून बाहेर काढा. नवी रेघ उठता कामा नये. मग फावडी घेऊन या.’’

‘‘शुभांगी, वाट सोडलीस तर नियम...’’ हर्षल म्हणाला. ‘‘आणि ही खूण माझी होती. चूक माझी आहे.’’

‘‘खूण तुझी, चाक माझं. नियम ठाऊक आहे मला. फावडं घे.’’

रुतलेली चाकं काढायला बाळगलेली ती फावडी पहिल्यांदाच दुसऱ्या कामाला लागली. सूर्य मावळेपर्यंत सगळ्यांनी दबलेली भुई खणून भुसभुशीत केली. भागीबाई मधून मधून ढेकूळ उचलून बोटांनी फोडायची आणि पटलं नाही तर पुन्हा खणायला लावायची. योगेशच्या हाताला फोड आले आणि त्याची जीभ पहिल्यांदाच दमली. तंबू त्यांनी पलीकडे कातळावर ठोकले.

रविवारी उजाडताच शुभांगी भागीबाईबरोबर मालकीची वाट पायानं चढून आली. बायकांच्या पायांनी पडलेली, जेमतेम गाडीएवढी वाट. कुठं चाक घसरेल ते तिनं पाहून ठेवलं, चार दगड हलवले आणि मग गाडी काढली. शेजारी भागीबाई बसली होती, पुढची पट्टी घट्ट धरून. वर जाताना जिप्सी कण्हली, पण थांबली नाही. भारे भरून उतरताना शुभांगीनं पहिला गिअर सोडला नाही, ब्रेकला पाय लावला नाही. तिच्यामागं वर आलेल्या दोन गाड्याही भारे भरून तिच्याच चाकोरीत उतरल्या.

‘‘डोक्यावर असतो तवा ह्यो उतार लय लांब लागतो,’’ भागीबाई खाली आल्यावर म्हणाली. मग हसली. त्या दोन दिवसांतलं तिचं ते पहिलं हसू.

अकरा वाजेपर्यंत पंधरा दिवसांचा टहाळ खाली आला. दोन्ही तुकड्यांना पुरून उरला. पाड्यावरून शेणाच्या पाट्या आल्या, थर रचले गेले. पाण्याचे कॅन घेऊन क्लब चारी बाजूंनी उभा राहिला. भागीबाईनं वाऱ्याच्या उलट अंगानं काडी लावली. ‘‘हळू खाऊ द्यायची आग. घाईनं जळली तर नुसती राख व्हती, माती भाजत नाय.’’ धूर सगळ्यांच्या डोळ्यांत गेला आणि कुणीही बाजूला झालं नाही.

निघताना भागीबाई म्हणाली, ‘‘तुमी समजलात. दुसऱ्या गाड्या येत्याल, त्यांना कोण सांगंल?’’

शुभांगी जिप्सीपाशी गेली. काठीसकट झेंडा उपसला आणि राबाच्या बांधावर, वाटेच्या तोंडाशी, खोल रोवला. दोन दगड लावून तो हलत नाही ना ते पाहिलं.

‘‘अगं, क्लबला एकच झेंडा आहे,’’ हर्षल म्हणाला.

‘‘म्हणून तर. लांबून दिसतो.’’

हर्षलनं फोन काढून नकाशावरची ती खूण पुसली आणि तिथं लिहिलं: राब. चाक घालू नये.

शुभांगीनं गाडी वळवली आणि नियमाप्रमाणे रांगेच्या शेवटी नेऊन लावली. धुळीसाठी फडकं तोंडाला बांधलं. वाईट वाटत होतं, खोटं कशाला बोला. पण मान ताठ होती.

पुढं मात्र कुणीच हलेना. सहाही इंजिनं सुरू होती आणि एकही चाक फिरत नव्हतं. मग वॉकी-टॉकी खरखरला. आवाज हर्षलचा होता.

‘‘शुभांगी, पुढं ये.’’

‘‘वाट सोडली मी. नियम काय म्हणतो?’’

‘‘नियम मीच केलाय, मलाच कळतो. पुढं ये.’’

‘‘आणि झेंडा कुठंय माझ्याकडे?’’

‘‘आहे तिथंच बरा आहे. पुढची गाडी कुठली, ते आम्हाला झेंड्याशिवाय कळतं.’’

शुभांगीनं तोंडावरचं फडकं सोडलं आणि गिअर टाकला. सहा गाड्यांच्या शेजारून ती पुढं गेली, ओढ्यापाशी थांबली, उतरली आणि पायानं तळ चाचपू लागली. मागं सगळे तिची वाट बघत थांबले.