तिधारी पेन

"हे नाय. हे पण नाय." निशाताईंनी काउंटरवरची पेनं एकेक करून बाजूला सारली. "जुल्फिकारभाई, मला नुसतं पेन नकोय. तेच पेन पायजे."

जुल्फिकारभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. महाडच्या बाजारपेठेत चाळीस वर्षं वह्या-पेनं विकल्यावर माणसाला एक कळतं, कोणतं गिऱ्हाईक निघून जाणार आणि कोणतं ठाण मांडणार. पोलादपुराकडच्या वाडीतून आलेल्या निशाताई उतेकर ठाण मांडणाऱ्यांतल्या.

"ताई, ते तिधारी पेन बंद झालं. कंपनीच राहिली नाही."

"कंपनी बंद होईल. विकलेली पेनं कुठं जातील? कुणाच्या तरी घरात असतीलच."

एवढं बोलून त्या स्टुलावर बसल्या. दुपारचा एक वाजत आला होता आणि त्यांनी सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. हे जुल्फिकारभाईंना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

निशाताई अंगणवाडीत होत्या. पूर्वी मुलांची वजनं, उंच्या, हजेऱ्या सगळं हातानं लिहायच्या. आता ते मोबाइलवर भरायचं. हाताला एकच लिखाण उरलं होतं. रोज पहाटे आंघोळ, तुळशीला पाणी, मग वहीचं एक पान. सहा रकाने, प्रत्येकात अठरा वेळा 'श्रीराम'. एकशे आठ नावं झाली की मगच चहाचा घोट. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. तापात नाही, लेकाच्या लग्नात नाही. घरच्यांनी सुरुवातीला विचारलं होतं, हे कशासाठी? त्या म्हणाल्या होत्या, लिहिण्यासाठी. मागायचं त्यांच्या मनात काही नव्हतं.

पण तिशीत असताना गवत कापताना कोयता उजव्या अंगठ्यात शिरला होता, आणि तेव्हापासून तो अंगठा वाकत नसे. गोल पेन हातात फिरायचं. अक्षर तिरपागडं व्हायचं, नाव ओळखू येईना. हे शाईचं पेन तेवढं तीन धारांचं आणि जाडजूड. बोटांत बसलं की बसलं.

आज सकाळी एकोणिसाव्या नावाला ते धरायच्या जागीच तडकलं. सुनेचं नेलपॉलिश लावून आठवडाभर तग धरलेली चीर उघडली आणि शाई पानभर झाली. डाग पडलेलं पान मोजायचं नाही, हा नियम त्यांनीच स्वतःला घातलेला.

"आई, कोणत्याही पेनानं लिहा ना," सून श्रुतिका म्हणाली होती. "देवाला काय कळतंय?"

"देवाला नाय कळत. हाताला कळतं," म्हणत त्यांनी वही, शाईची बाटली आणि तडकलेलं पेन स्वच्छ फडक्यात गुंडाळलं आणि एसटी धरली.

जुल्फिकारभाई बराच वेळ मागच्या खणांत उगीच हात घालत राहिले. "पुरात जुना माल गेला, ताई. त्यानंतर एक हाताला लागलं होतं, ते तुडीलच्या हलिमाबाईंनी नेलं. उर्दू शाळेत होत्या, आता रिटायर झाल्यात. पण आधीच सांगतो, त्या देणार नाहीत. माझ्याकडे दुसरं गिऱ्हाईक आलं होतं म्हणून मी मागून बघितलं, तर मला दारातूनच परत पाठवलं."

"देतील."

"ओळख आहे तुमची?"

"नाय. पण त्यांना पण तेच पेन लागतं म्हणजे त्यांचा नि माझा आजार एकच हाय."

तुडीलला रिक्षातून उतरल्यावर घर विचारावं लागलं नाही. ओट्यावर एक सत्तरीच्या बाई पाटीएवढा लाकडी पाट मांडीवर घेऊन लिहीत बसल्या होत्या. हातात तिधारी पेन. निशाताईंच्या पोटात भुकेच्या जागी एकदम धीर आला.

त्यांनी आपलं नाव, गाव आणि काम तीन वाक्यांत सांगितलं.

"जुल्फिकारनं पाठवलं ना? त्याच्या पोटात काही राहत नाही," हलिमाबाई मान वर न करता म्हणाल्या. "एक आहे, कोरं. नाही देणार. तुझी रिक्षा वळायची असेल अजून, पळ, मिळेल."

"रिक्षा जाऊ दे. दोन मिनिटं टेकू का? उन्हातून आले."

"टेक. बसायला ना नाही."

निशाताई टेकल्या. पाटावर कागद होता आणि त्यावर उर्दू अक्षरांच्या ओळी, एकीसारखी दुसरी. शाळेतल्या मुलांसाठी कित्ता. हलिमाबाई प्रत्येक मुलाला स्वतःच्या हातानं लिहून देत. छापील कित्त्यावरून गिरवलेलं अक्षर मेलेलं असतं, असं त्यांचं मत होतं.

"बघू का ते?" निशाताईंनी त्यांच्या हातातलं पेन मागितलं आणि फडक्यावर एक रेघ ओढली. निब कागदी लिंबाच्या काट्यासारखी अडली. "हे तिरकं घासलंय."

"घासावंच लागतं. आमचं अक्षर तिरक्या निबेतूनच उतरतं. कुरुंदाच्या दगडावर मी स्वतः घासते. वर्ष-दीड वर्षात झिजून जाते. पूर्वी सुट्या निबा मिळायच्या, त्याही संपल्या. ही संपलीच आता, म्हणून ते कोरं आज काढणार होते. कळलं? माझी चाळीस मुलं आहेत."

"आणि पेन?"

"काय पेन?"

"निबा बदलता. पेनाची बॉडी?"

हलिमाबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. "बॉडी हीच. शाळेत होते तेव्हापासूनची. तिला काय धाड भरलीय?"

निशाताईंनी फडकं सोडलं आणि तडकलेलं पेन पाटावर ठेवलं. "माझी निब शाबूत हाय, बाई. बॉडी गेली. तुमची बॉडी शाबूत, निब गेली."

हलिमाबाईंनी दोन्ही पेनं शेजारी ठेवून पाहिली. मग म्हणाल्या, "तुझीच निब दे मला, म्हणजे झालं."

"देईन. पण चालणार नाय तुम्हाला. अकरा वर्षं माझ्या आडव्या अंगठ्याखाली चाललीय. एका अंगाला झुकलीय."

हलिमाबाईंनी ती निब डोळ्यांजवळ धरली, उजेडात फिरवली, आणि "झुकलीय खरी," असं मास्तरी आवाजात कबूल केलं. मग त्या आत गेल्या. आल्या तेव्हा हातात कोऱ्या पेनाचं पाकीट होतं, अजून न फाडलेलं. "आमच्या जुल्फिकारला हे चाळीस वर्षांत सुचलं नसतं."

"त्यांना अख्खं विकायचं असतं."

हलिमाबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पाकीट निशाताईंच्या हातात दिलं. निशाताईंनी ते फाडलं, फडक्यात धरून पेनाची कोरी निब ओढली आणि हलिमाबाईंसाठी पाटावर ठेवली. तिच्या जागी आपली जुनी बसवली, शाई भरली, टोपण मागं लावलं. अंगठा धारेवर आपोआप टेकला.

"इथंच लिहिते, चालेल? माझं आजचं राहिलंय."

"बस त्या कोपऱ्यात. तिथं वारा कमी लागतो."

मग दोघी आपापल्या कामाला लागल्या. एकीकडे दगडावर निब घासल्याचा बारीक आवाज, दुसरीकडे वहीचं पान. पहिली दोन-तीन नावं निशाताईंनी जपून लिहिली. चौथ्याला हात आपल्या चालीत आला. तिसऱ्या रकान्यात असताना हलिमाबाईंनी विचारलं, "हे तडकलं तर? आता तर कुठंच नाही हे पेन."

निशाताईंनी हातातलं नाव पुरं केलं. "मी अठ्ठावन्नची. हे जपून वापरलं तर मलाच पुरून उरेल."

"तेही आहेच," म्हणून हलिमाबाई पुन्हा दगडाकडे वळल्या.

शेवटचं नाव झालं तेव्हा ऊन ओट्याच्या पायरीवरून खाली उतरलं होतं. निशाताईंनी वहीला हात जोडले. आतून भांड्यांचा आवाज आला आणि पाठोपाठ हलिमाबाईंचा: "ये गो, चवळी आहे आणि तांदळाची भाकरी. मी पण थांबलेय कधीची."

"हात धुऊन येते."

अंगणातल्या नळाखाली त्यांनी हात धुतले. मग अकरा वर्षं हातात बसलेली ती तडकलेली बॉडी पाण्याखाली धरली. आतली शाई निघू लागली. आधी गडद, मग फिकट, आणि मग फिकटच कितीतरी वेळ. आतून पुन्हा हाक आली. "आले," निशाताई म्हणाल्या, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.