कापलेली उडी

"या पिक्चरमध्ये तरी तुझं तोंड दिसणार आहे का?" शर्टाचं वरचं बटण लावत वडिलांनी विचारलं.

"नाही. मुखवटा आहे."

"मग मी बघायचं काय?"

"उडी बघा. तिसऱ्या मजल्यावरून काच फोडून खाली येते ना, ती मी."

वडिलांनी आरशात बघून विरळ केसांवरून कंगवा फिरवला. वय अठ्ठ्याहत्तर. एका मोठ्या इमारतीत त्यांनी तेहतीस वर्षं लिफ्ट चालवली होती. मुलीच्या धंद्याविषयी कुणी विचारलं की ते सांगत, "मी जन्मभर माणसं जपून खाली आणली, आणि ही खाली पडायचा पगार घेते." ऐकणारा हसे. ते मात्र हसत नसत.

ती एकवीस वर्षं पिक्चरमध्ये नट्यांची डुप्लिकेट म्हणून काम करत होती. नटीने कठड्यापर्यंत पळायचं, पुढे हिने. सेटवर तिला सगळे मनी म्हणत, कारण कुठूनही टाकली तरी मांजरीसारखी पायांवर पडते. वडिलांनी तिचा एकच पिक्चर पाहिला होता, अगदी पहिला. त्यात तिच्या पाठीला आग लागली तेव्हा ते उठून बाहेर आले आणि थिएटरच्या दारात उभे राहिले. त्यानंतर तिने बोलावलं नाही, त्यांनी विचारलं नाही.

या खेपेला तिनेच हट्ट धरला होता. म्हणाली, "एकदा बघून घ्या." का ते सांगितलं नाही.

वज्र नावाच्या महाबली नायकाचे चार पिक्चर धो धो चालले होते. त्यात त्याची पाठराखण करायला करड्या मुखवट्याची एक बाई असे, घार. लोकांना ती इतकी आवडली की आता तिच्या एकटीवर वेगळा पिक्चर निघाला होता. मुखवटा काढला की नायिका, चढवला की मनी. चारही पिक्चरमध्ये घारीने मारलेली प्रत्येक लाथ हिची होती, तेव्हा हा पिक्चर थोडा आपलाच, असं तिला आतून वाटत होतं. कुणाजवळ बोलली नव्हती इतकंच.

रस्त्याने तिने वडिलांना दोन पावलं पुढे चालू दिलं. सहा महिने ती हेच करत होती. मागून चाललं की लंगडणं दिसत नाही.

दुपारचा खेळ होता. थिएटर अर्ध्याहून जास्त भरलं होतं. पहिल्या आठवड्याच्या मानाने ते कमीच, पण तिला ते बरं वाटलं. पिक्चर सुरू झाला. घार आपल्या आईच्या घरी परत येते. आई आजारी. घार खिडकीत बसते. घार जुनी पत्रं वाचते. पाऊण तास झाला तरी कुणी कुणाला हात लावला नाही. मागच्या रांगेतला एक माणूस बायकोला म्हणाला, "हिला मुखवटा कशाला दिलाय? पोस्टात जायचं असेल."

बायको म्हणाली, "थांबा हो. पुढे असेल."

पुढे एक मारामारी झाली, पण ती अंधारात. आवाज ऐकू आले, माणसं दिसली नाहीत. त्या मारामारीवर तिने आणि फाइट मास्टरने अकरा दिवस घाम गाळला होता. ती मनात वार मोजत होती. बत्तीसपैकी पाच उरले होते.

मग इस्पितळाचा प्रसंग आला. तिसरा मजला, लांब कॉरिडॉर, टोकाला मोठी खिडकी. ती खुर्चीत पुढे सरकली. वडिलांच्या हाताला हात लावून म्हणाली, "आता बघा."

घार पळत आली. काच फुटल्याचा आवाज झाला. पडद्यावर एका नर्सचा चेहरा आला, वर बघणारा. मग खालचा रस्ता, धूळ, काचांचा खच आणि त्यात पालथी पडलेली घार.

उडी नव्हती.

तिला वाटलं, परत दाखवतील. कधीकधी दुसऱ्या बाजूने परत दाखवतात. पण पडद्यावरची घार उठू लागली होती. डावा हात जमिनीला टेकवला, गुडघा पोटाखाली घेतला, थांबली, डावीउजवीकडे पाहिलं, आणि मग एकेक अवयव गोळा करावा तशी उभी राहिली.

"घ्या," मागचा माणूस म्हणाला, "पडली कुठून तेच दाखवलं नाही. आणि उठायला किती वेळ. आजीबाई आहे का ही?"

दोन-चार जण हसले.

ती खुर्चीत मागे टेकली. हा उठण्याचा शॉट साफ विसरायचं तिने ठरवलं होतं. त्या दिवशी सहाव्या टेकला तिचा पाय खिडकीच्या चौकटीला लागला आणि ती गादीच्या मधोमध न पडता कडेला पडली, उजव्या खुब्यावर. तेव्हा कुणाला काही बोलली नाही. तासाभराने रस्त्यावर काचा पसरून उठायचा शॉट घेतला. टुणकन उठायचं होतं. तिला उठवेना. हे परत घेतील, दुसऱ्या कुणाला उभं करतील, असं धरून ती चालली होती. मास्टर नुसतं "चालेल" म्हणाला होता.

अंधारात वडील तिच्या कानाशी झुकले. "ही तू आहेस."

"मुखवटा आहे हो. कशावरून?"

"लहानपणी पडलीस की अशीच उठायचीस. आधी डावा हात. मग कुणी पाहिलं का ते बघायचीस. मग रडायचं की नाही ते ठरवायचीस."

आपण पडून उठताना असं बघतो, हे तिला माहीत नव्हतं. एकवीस वर्षांत कुठल्या मास्टरच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

थोड्या वेळाने वडील हळूच म्हणाले, "लागलं होतं तुला."

उरलेला पिक्चर दोघांनी बसून पाहिला. शेवटी घार आईचा हात धरून बागेत बसली आणि दिवे लागले. लोक कुरकुरत बाहेर पडले. वज्रच्या नावावर खपवलं, असं कुणी म्हणालं. मारामारी आपल्या गल्लीत याच्यापेक्षा बरी होते, असं आणखी कुणी म्हणालं. नावांची पाटी वर सरकत होती. तिचं नाव यायच्या आधीच पडदा बंद केला गेला.

बाहेर बाकावर वडिलांना बसवून तिने मास्टरला फोन लावला. तो जणू फोनची वाटच बघत होता.

"मनी, मी भांडलो गं. खरंच भांडलो. त्यांचं म्हणणं, पब्लिक उड्या बघून कंटाळलंय, आता भावना पाहिजेत."

"पब्लिक इथेच आहे. देऊ का फोन?"

मास्टर हसला. मग म्हणाला, "खुबा कसा आहे?"

"खुबा? आहे जागेवर."

फोन ठेवून ती वळली तर वडील तिच्याकडेच बघत होते. ऐकायला कमी येतं अशी तक्रार ते एरवी करत.

"किती दिवस झाले?"

"सहा महिने."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"सांधा गेलाय म्हणतो. चालता येईल. उड्या बंद."

"कायमच्या?"

"हो."

वडिलांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. "आणि मला कधी सांगणार होतीस?"

"आजच. तुम्ही उडी बघितली असती, मग सांगितलं असतं." तिचा आवाज एकदम थकला. "म्हटलं, एकदा नीट बघतील तरी. मग बंद झाली म्हटलं तर कळेल, काय बंद झालं ते."

समोरून माणसं जात होती.

"चांगली होती का?" वडिलांनी विचारलं.

"काय?"

"उडी."

"सहा वेळा मारली. पाचवी सगळ्यात चांगली."

"मग ती सांग."

तिला वाटलं, समजूत घालताहेत. पण ते पुढे वाकून बसले होते, आणि कपाळाला आठी होती. मग तिने सांगितलं. शूटिंगची काच साखरेसारखी ठिसूळ असते, पण खांदा आधी जायला हवा, हात नाही. बाहेर पडल्यावर क्षणभर काहीच ऐकू येत नाही. हवेत खाली बघायचं नाही, समोरची गच्ची बघायची. मग अंग उलटं फिरवायचं, पाठ खाली येईल असं, आणि गादी लागायच्या आधी श्वास सोडायचा.

"तीन मजल्यांना किती वेळ लागतो?"

"दीड सेकंद."

"माझ्या लिफ्टला वीस लागायचे," ते म्हणाले. मग जरा थांबून, "भीती वाटते का?"

"वर असताना. सुटल्यावर नाही."

त्यांनी मान हलवली. "पुढे काय करणार?"

"मास्टर म्हणतो, नवीन मुलींचे दोर तपासायला ये."

"तपास. नीट तपास."

परतीच्या बसला गर्दी होती. एकच जागा रिकामी होती. ती त्यांना पुढे करू लागली तर त्यांनी तिचा दंड धरला आणि तिलाच बसवलं. ती उठायला गेली.

"बस," ते म्हणाले. "मला उतरायचंय लवकर."

त्यांना तिच्याबरोबरच उतरायचं होतं, शेवटच्या थांब्यावर. तरी ती बसली. बसताना खुब्यात कळ आली, आणि तिने ती पहिल्यांदाच वडिलांना दिसू दिली. शेजारच्या बाईने वडिलांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, ही धडधाकट असून म्हाताऱ्याला उभं ठेवलंय म्हणून. तिने ती नजर सोसली. वडील दोन्ही हातांनी दांडा धरून तिच्यासमोर उभे होते, वळणावर हलत होते, आणि गर्दीचा धक्का तिच्या गुडघ्यांना लागू नये म्हणून पाय फाकवून थोडे पुढे सरकून राहिले होते.