फ्लॅशपुढचा दुधाचा कॅन

मी चारुदत्तच्या फ्लॅशपुढे बांधलेला पांढरा तुकडा बोलतोय. आवाज दमलेला वाटेल, पण ऐकून घ्या. फोटोवाले मला डिफ्यूजर म्हणतात. जन्माने मी दुधाचा प्लास्टिकचा कॅन. अमेरिकेत पिस्कॅटवेला इंजिनिअरिंग शिकायला आलेल्या चारुदत्तने दूध संपल्यावर मला कात्रीने कापलं आणि रबरबँडने फ्लॅशला बांधलं.

फ्लॅशचा उजेड थेट तोंडावर आदळला की कपाळं चकाकतात, चष्म्यांत पांढरे डाग पडतात. तो उजेड मी आधी अंगावर घेतो आणि मऊ करून पुढे सोडतो.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीचा सुमार. तेव्हा इथे फोटो काढायचा तो घरी पाठवायलाच. कुणी गाडीला टेकून, कुणी फ्रीज उघडून, कुणी बर्फात स्वेटर काढून. एरवी दमलेली माणसं क्लिकपुरती सुखी व्हायची आणि लगेच पुन्हा दमायची. बघून बघून मी विटलो होतो.

शेजारच्या मृणालिनीवहिनींचं त्या मार्चमध्ये मोठं ऑपरेशन झालं. साताऱ्यात त्यांच्या आईला हृदयाचा त्रास, म्हणून त्यांनी घरी काहीच कळवलं नव्हतं.

"चारू, ते दुधाचं लाव हं. आईला मी नॉर्मल दिसले पाहिजे. तिला टेन्शन नको."

"डोन्ट वरी, वहिनी. डार्क सर्कल्स एकदम सॉफ्ट होतील."

वहिनींनी पदर सारखा केला, हात गालाला टेकवला. मी जीव तोडून उजेड पसरवला. फोटो सुरेख आला. गालांचे खळगे गेले, डोळ्यांखालचं काळं गेलं. वहिनी खूश होऊन तो पोस्टात टाकून आल्या.

महिन्याभराने एका रविवारी चारुदत्त त्यांच्याकडे जेवायला गेला होता. मी टेबलावर, कॅमेऱ्यासकट. वहिनींनी साताऱ्याला फोन लावला. आई इतक्या मोठ्याने बोलायच्या की खोलीभर ऐकू येई.

"चेहरा छान आलाय गं. पण बांगड्या कोपरापाशी कशा गेल्या? मी भरल्या तेव्हा मनगटावरून हलत नव्हत्या. काय झालंय तुला, मनू?"

वहिनींना खोटं सुचेना. रडत रडत त्यांनी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आता म्हातारीचं काही बरंवाईट होतं की काय.

"बरं," आई म्हणाल्या. "आता जशी आहेस तसा फोटो पाठव. मला तुला बघायचंय."

वहिनी डोळे न पुसताच खुर्चीत बसल्या. "चारू, ते काढ."

त्याने रबरबँड सोडून मला बाजूला ठेवलं. फ्लॅश थेट चमकला. मला वाईट वाटलं नाही, हलकंच वाटलं.

आता मी पिवळा पडलोय, कडेला चीर गेलीय, कॅमेऱ्याच्या बॅगेत तळाशी पडून असतो. बारशाला, लग्नाला खुशाल बाहेर काढा, अजून उजेड झेलीन. पण फोटो आईला पाठवायचा असेल, तर मला झोपू द्या.