मांडव कुणाचा, धवले कुणाचे

"देशाचं लष्कर कोण सांभाळतं?" अरुणाबाईंनी विचारलं.

"सिडको!" सहावीचा अख्खा वर्ग ओरडला.

पोस्ट सिडकोचं, पोलीस सिडकोचे, आणि तेजसच्या मते चांद्रयानही सिडकोनेच सोडलं. बाईंनी कपाळाला हात लावला. कोपरखैरण्याच्या गावठाणातली ही पोरं. नवी मुंबई वसवायला आजोबांची शेती सिडकोने घेतली, बदल्यात प्लॉट सिडकोने दिला. सरकार म्हणून घरात एवढं एकच नाव कानावर पडलेलं. त्यांचं तरी काय चुकलं? पण नेमके मुख्याध्यापक श्यामसुंदर सर दारात उभे होते.

"बाई, सोमवारी शाळा तपासायला केंद्रप्रमुख येतायत. त्यांच्यासमोर हेच झालं, तर नागरिकशास्त्र दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल. मग मला बोल लावू नका."

बाकीचे शिक्षक ज्या विषयाला नाकं मुरडत, तो बाईंनी मागून घेतला होता आणि उभी हयात जीव ओतून शिकवला होता. हे एक प्रकरण मात्र त्यांना दरवर्षी चीत करायचं. केंद्र, राज्य, पालिका असा तक्ता फळ्यावर काढायचा, पोरांनी तो उतरवून घ्यायचा आणि परीक्षेत त्याची खिचडी करायची.

रविवारी तेजसच्या आत्याची हळद होती. पोराचा शब्द मोडवेना म्हणून बाई गेल्या. गावातल्या तरण्या पोरांनी मांडव घातला होता, भावकी जेवणामागे राबत होती, आणि मधोमध वर्गातल्या मनस्वीची आजी पुतळाबाई धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गात होती. गावची धवलारीण ती. नवरीचा बाप "जरा आटपा" म्हणाला मात्र, म्हातारी कडाडली, "तू तुजा जेवनाचा बघ. धवलं माजं काम हाय!"

आणि घरचा कर्ता बाप मुकाट मागे सरला. बाईंच्या हातातला भाकरीचा तुकडा हातातच राहिला.

सोमवारी फळ्यावर तक्ता नव्हता, वर्गात लग्न होतं. मांडववाले म्हणजे पालिका: पाणी, दिवे, कचरा. भावकी म्हणजे राज्य: पोलीस, शेती. धवलारीण झालेल्या मनस्वीकडे केंद्राची कामं: लष्कर, पोस्ट, रेल्वे. एकाने दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायचं नाही.

"मग सिडको?" तेजसने विचारलं.

"भावकीने बोलावलेला आचारी," बाई म्हणाल्या, आणि वर्ग खो खो हसला.

इतक्यात केंद्रप्रमुख आत आले. सरकवलेली बाकं पाहून त्यांच्या भुवया चढल्या. "गल्लीतला दिवा गेलाय. पंतप्रधानांना पत्र लिहू या का?"

"नाय सर!" तेजस उसळला. "मांडवाचा दिवा गेला तं धवलारनीला कोन सांगतं? मांडववाल्यालाच धरायचा. पालिकेला!"

"बरं. मग ही शाळा कुणाची?"

प्रश्न आडवा होता. हे सांगायचं बाईंकडून राहूनच गेलं होतं. मनस्वी उठली.

"भिंती पालिकेच्या. पुस्तकं राज्याची. दुपारच्या खिचडीला पैसं दिल्लीवरून पन येतान. ही पंगत हाय, सर. पंगतीला सगलीच वाढतान."

"हे पुस्तकात नाही," केंद्रप्रमुख म्हणाले.

"लग्नान हाय," मनस्वी म्हणाली.

ते मनापासून हसले. "बाई, पुढच्या शिक्षण परिषदेत हा पाठ तुम्ही घ्यायचा. सगळ्या शाळांचे शिक्षक बसून बघतील."

"आमच्याकडे नागरिकशास्त्र बाईंकडेच असतं!" श्यामसुंदर सर छाती फुगवून बोलले. बाईंना हसू आलं आणि रडूही आलं. दोन्ही त्यांनी लपवलं नाही.

पाहुण्यांना दारापर्यंत सोडून त्या वळल्या, तर वर्गातलं लग्न ऐन रंगात आलं होतं. नाल्याचं काम मांडववाल्यांचं की भावकीचं, यावर दोन्ही बाजू हमरीतुमरीवर आल्या होत्या. समजवायला बाई पुढे झाल्या.

"टीचर, थांबा," मनस्वीने हात आडवा केला. "तुमचं काम झालं. आता आमी बघताव."

अरुणाबाई पदर सावरून शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या आणि भांडण ऐकू लागल्या.