मालकाचा पगार

"वाच ना, इर्मा. चष्मा विसरलोय." व्हर्लिनने डाव्या हाताने पत्र इर्माच्या ऑफिसातल्या टेबलावर सरकवलं. उजवा हात झोळीत होता. ऑगस्टात विहिरीतून पंप ओढताना खांदा गेला, तो गेलाच.

चष्मा त्याच्या खिशातून डोकावत होता. इर्माने पत्र उचललं. बावीस वर्षं ती त्याच्या पंपदुरुस्तीच्या छोट्या कंपनीची करपत्रकं भरत आली होती.

"सरकारनं अपंगत्वाची पेन्शन नामंजूर केलीय," ती म्हणाली. "गेल्या दहा वर्षांत तू काम केल्याची नोंदच नाही म्हणे."

"मग अख्ख्या काउंटीला पाणी कोणी पाजलं? तुझ्या नवऱ्यानं?"

"त्याला नळ बंद करता येत नाही रे."

दोघं हसली. हसू टेबलाच्या कडेपर्यंतही पोचलं नाही.

दर जानेवारीत ती म्हणे, कंपनीकडून रीतसर पगार घे, त्यातूनच पेन्शनचा हप्ता जातो. दर जानेवारीत तो म्हणे, "पगार नोकर घेतात, बाई. माझा बाप कत्तलखान्यात पगार घेत घेत मेला. मी मालक आहे." सगळी कमाई तो नफा म्हणून उचले, हप्ता वाचवी. मालकाच्या पगारापुढे इर्मा कुरकुरत शून्य लिही. लिहू नये, हे तिला तेव्हाही ठाऊक होतं. विहिरी बदलल्या, पंप बदलले. शून्य तेवढं जागचं हललं नाही.

"आता लिही की मागचं."

"इतकं मागचं नाही लिहिता येत. गेल्या वर्षाचं येईल. उचललेला नफा पगारात दाखवू, दंड भरू. तुझ्या नि तुझ्या बायकोच्या आरोग्यविम्याचा हप्ता कंपनीनं भरलाय, तोही तुझ्या पगारातच धरायचा."

"मग मिळेल पेन्शन?"

"नाही रे. दहातल्या पाच वर्षांचा पगार लागतो. म्हातारपणीच्या पेन्शनीत चिमूटभर भर पडेल, एवढंच."

त्याने टेबलावरचं पत्र पालथं घातलं.

"लिही," म्हणाला.

सुधारलेल्या पत्रकावर मालक म्हणून त्याने डाव्या हाताने सही केली. पहिलीतल्या पोरासारखी, थांबत थांबत. प्रिंटरमधून गेल्या वर्षाच्या पगाराचा कागद बाहेर आला.

"हा कुणाला द्यायचा?"

"कामगाराला," इर्मा म्हणाली आणि कागद त्याच्यापुढे धरला.

व्हर्लिनने खिशातून चष्मा काढला. नाव, पत्ता, पगार, विमा. एकेका रकान्यावर बोट ठेवत तो वाचत गेला. मागच्या मोरीत कुणीतरी नळ सोडला, आणि फरशीखाली त्याने बसवलेला पंप घुमू लागला.

वाचता वाचता त्याने मान किंचित कलती केली, आवाज ऐकला आणि पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं.